एल्दियारला रडायला जमलेली माणसं

तीन दिवस एल्दियारचा फोन बंद होता. तो आकमारलचा थोरला भाऊ, सीमेवरच्या चौकीत शिपाई. आईला विचारलं तर ती म्हणाली, "रेंज नसेल गं, तू अभ्यास कर." वर हसलीसुद्धा. त्या हसण्यानंच आकमारलला धास्ती बसली.

कारण आमच्याकडे मरणाची बातमी फोनवर सांगत नाहीत. माणूस लांब असेल तर मुळीच नाही. आधी काहीतरी निमित्त काढून त्याच्या हातातला फोन काढून घेतात. मग वडीलधारे गोळा होतात, त्याला मध्ये बसवतात, पाण्याचा पेला भरून ठेवतात आणि सगळ्यात म्हातारा माणूस कुठून तरी लांबून विषय काढतो. तोवर घरचे सगळे फोनवर गोड बोलत राहतात. त्यामुळे आई हसली म्हणजे सगळं ठीक आहे, असं आमच्यात कुणी धरून चालत नाही.

आकमारलला हे दोन वर्षांपूर्वी एकदा भोगून झालं होतं. सीमेवर गोळीबार झाला तेव्हा ती तालुक्याच्या शाळेत होती. मुख्याध्यापकांनी फोन मागितला, पाण्याचा पेला आला, एका आजोबांनी पावसापाण्यावरून बोलायला सुरुवात केली आणि शेवटी कळलं की बाबा गेले. ती गावी पोचेपर्यंत घाईघाईनं दफन उरकलं होतं. गाव रिकामं होतं, बायकामुलं कुठे कुठे पांगली होती. अंगणात मयताचा तंबू उभा राहिला नाही, कुणी शोकगीत गायलं नाही. आकमारलही रडली नाही. रडायला चार माणसं तरी लागतात, एकटीनं कुठे बसून रडणार?

आता ती कोचकोरच्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती. घरापासून दोन दिवसांचा रस्ता, इथली थंडी वेगळी, बोली वेगळी. खोलीतली नाझिक तिला रोज चिडवायची, "तुम्ही बात्केनकडची माणसं तोंडात जर्दाळू धरूनच बोलता का गं?" आकमारल हसून सोडून द्यायची. नाझिक मनानं वाईट नव्हती, पण रोज रोज कुणाला आवडतं?

आणि त्याच आठवड्यात चिनारा एजेंना मनावरच्या आघाताबद्दल मुलांना बोलतं करायची हुक्की आली.

चिनारा एजे, म्हणजे चिनाराताई, मानसशास्त्राच्या नव्या बाई. बिश्केकला वाढलेल्या, परदेशात शिकलेल्या, हुशार, प्रेमळ आणि जरा उतावळ्या. त्यांच्या घरी सातव्या मजल्यावर मरणाच्या बातम्याही फोनवरच यायच्या. सीमेकडून आलेली सहा मुलं विद्यापीठात शिकतात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही, हे कळल्यावर त्यांचा जीव कळवळला. त्यांनी पुस्तक उघडलं. मुलांना गोल बसवावं. हळू आवाजात बोलावं. फोन बाहेर ठेवावेत. जवळ पाणी असावं. समाजातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला बोलवावं. एकही गोष्ट चूक नव्हती, पण सगळ्या एकत्र केल्या की काय तयार होतं ते पुस्तक लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं.

गुरुवारी दुपारी वसतिगृह सांभाळणाऱ्या बुरुल अपा, सगळ्या मुलींच्या मावशी, खोलीच्या दारात आल्या. एरवी त्या जिन्याखालूनच हाका मारत.

"आकमारल, चल बाळा. बारा नंबरच्या खोलीत बोलावलंय."

बुरुल अपा आणि 'बाळा'? कालच त्यांनी तिला ओल्या मोज्यांवरून फैलावर घेतलं होतं.

"कशाला, अपा?"

"मला काय ठाऊक? एजे म्हणाल्या, हळूच घेऊन या."

नाझिकही सोबत निघाली. बारा नंबरच्या दाराशी चिनारा एजे टोपली घेऊन उभ्या होत्या. "फोन इथे ठेव हं," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. आकमारलनं फोन ठेवला.

आत गोलात माणसं बसली होती. सीमेकडची बाकी पाच मुलं, वर्गातल्या काही मुली, विभागप्रमुख, बसचा ड्रायव्हर जोलदोश. ड्रायव्हर कशाला आला? गावी न्यायलाच ना. खरं तर बाहेर गार वारा होता आणि आत शेगडी होती, एवढंच त्याचं कारण. पण ते तिला कोण सांगणार? मधोमध पांढऱ्या टोपीतले बेइशेन आजोबा, गावातले सगळ्यात म्हातारे. तिला त्यांच्यासमोरच जागा ठेवलेली. बुरुल अपांनी पाण्याचा पेला आणून तिच्या हातात दिला.

आजोबांना सांगितलं होतं, दुःखाबद्दल चार शब्द बोला. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "पोरी, या जगात कायमचं कोण राहिलंय? घोड्यावरून निघालेला प्रत्येक जण कधीतरी खाली उतरतोच..."

पेला खाली पडला.

"एल्दियार!" आकमारल किंचाळली. मग मयताच्या तंबूत बायका बसतात तशी ती भिंतीकडे तोंड करून बसली, दोन्ही हात कमरेवर ठेवले, आणि तिच्या तोंडून शोकगीत सुरू झालं. तिला कुणी ते शिकवलं नव्हतं. आजीच्या मांडीवर जे कानावर पडलं होतं ते आपोआप वर आलं.

ते ऐकून बेइशेन आजोबांना वाटलं, या पोरीचं खरंच कुणीतरी गेलंय आणि आपल्याला धड सांगितलं नाही. ऐंशी वर्षांचा माणूस काठी टेकत उठला, दाराबाहेर गेला आणि पुरुषांच्या रीतीप्रमाणे बाहेरून मोठ्यानं आक्रोश करू लागला, "अरे माझ्या लेकरा रे! कुठे गेलास रे!" ते पाहून ड्रायव्हरही रडायला बाहेर गेला. विभागप्रमुख गेले. सीमेकडची मुलं गेली. बुरुल अपा आकमारलच्या पाठीला पाठ लावून बसल्या आणि त्यांनीही सूर धरला. नाझिक तर हमसून हमसून रडत होती. चिनारा एजे मधोमध एकट्याच उभ्या. त्यांच्या पुस्तकात यातलं काहीच नव्हतं.

पाव तास तसा गेला. मग बुरुल अपांनी रुमालानं नाक पुसून विचारलं, "बाई, पण बातमी आली कधी?"

"कसली बातमी?" चिनारा एजे म्हणाल्या.

"मला वाटलं तुम्हाला कळलंय," दारातून आजोबा म्हणाले.

"मला वाटलं तुम्हाला," विभागप्रमुख म्हणाले.

"अहो, कुणीच गेलेलं नाही!" चिनारा एजेंचा आवाज फाटला. "मी फक्त गप्पा मारायला बसवलं होतं!"

 मग नाझिकनं टोपलीच उपडी केली, आकमारलचा फोन शोधला आणि तिच्या आईला लावला. घंटी वाजत राहिली. आकमारलनं नाझिकचं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले.

"हॅलो?" आई. "अगं, हा बघ एल्दियार आत्ताच आलाय. रजा मिळाली. फोन पाटाच्या पाण्यात पाडून आलाय शहाणा!"

मागून तोंडात घास असलेला आवाज आला, "काय झालं गं?"

 आकमारल ओरडली, "गाढवा! तू जिवंत आहेस!"

खोलीत असा काही हशा उसळला की कोण रडतंय आणि कोण हसतंय ते कळेना. बेइशेन आजोबा जमिनीवर बसले आणि म्हणाले, "आता तेल तापवा. जिवंत माणसाला रडलो, आता तळणाचा वास काढायलाच हवा, म्हणजे अमंगळ टळतं." ड्रायव्हर पीठ आणायला पळाला. बुरुल अपांनी, जिथे चहा करायलाही बंदी होती त्या खोलीत, स्वतःच्या हातानं कढई चढवली. आकमारलच्या छातीवरचा तीन दिवसांचा धोंडा उतरला. अंग कापसासारखं हलकं झालं.

ती फोन घेऊन खिडकीशी गेली. एल्दियारला सगळं ऐकून मजा वाटत होती. "मग? चांगली गायलीस का माझ्यावर?"

"तुझ्यावर..." ती थांबली. आपण काय गायलो ते तिला आत्ता आठवत होतं. नावाची हाक भावाची होती, पण पुढे सगळं जर्दाळूची छाटणी करणाऱ्या हातांबद्दल होतं, अर्ध्या बांधलेल्या भिंतीबद्दल होतं. "नाही रे. मी बाबांवर गायले."

पलीकडचं चावणं थांबलं.

"बाहेर उभं राहून कुणी रडलं?"

"सगळेच. एक आजोबा आहेत, ऐंशीचे. आमचे सर, ड्रायव्हर, पोरं. आत बायका होत्या. सगळे मिळून चौदा."



"तेव्हा इथे आम्ही चौघंच होतो," तो म्हणाला. "आम्हीही रडलो नाही, वेळच नव्हता." मग घसा खाकरून, घरातल्या कर्त्या माणसाच्या आवाजात म्हणाला, "आकमारल, ती आपल्या बाबांच्या मयताला आलेली माणसं आहेत. त्यांना उपाशी जाऊ देऊ नकोस."

तिनं डोळे पुसले. चिनारा एजे कोट चढवून, मान खाली घालून दाराकडे निघाल्या होत्या. आकमारलनं पुढे होऊन त्यांचा हात धरला.

"कुठे निघालात, एजे? बसा. आमच्याकडे जेवल्याशिवाय जायचं नसतं."