तबकातला सातवा दगड

आमचं घर टेकडीच्या पोटात खोदलेलं आहे. दिव्याचं बटण दाबलं की दिवस, बंद केलं की रात्र. बाहेर उन्हाने डांबर वितळत असलं तरी आत गारवा असतो. अशा घरात वाढलेल्या माणसाला जाग आणि स्वप्न यांच्यातला उंबरा फारसा उंच वाटत नाही. लहानपणी मी भिंतीला कान लावून झोपायचे आणि भिंतीतून समुद्र ऐकू यायचा. ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडीच्या या वाळवंटात कधीकाळी खरोखरच समुद्र होता. बाबा म्हणायचे, "फोतिनी, तो कुठे गेला नाही अगं. आपण त्याचेच तुकडे काढून विकतो."

तुकडे म्हणजे ओपल, आत रंग खेळणारे मौल्यवान दगड. बाबा, म्हणजे स्टमाटिस, तिशीत ग्रीसहून इथे आले आणि चाळीस वर्षं त्यांनी क्रोएशियाच्या विंकोकाकाबरोबर एकच खाण खणली. दोघांत कागद नव्हता, हात मिळवला होता तेवढाच. संध्याकाळी दिवसभराचे दगड धुऊन आमच्या टेबलावर दोन तबकांत वाटायचे, बाबांनी फोटो काढायचा आणि मग विंकोकाकाने आपलं तबक उचलून घरी जायचं. दगड जगभर जात, रंग तेवढे आमच्या घरात राहत.

आठ वर्षांपूर्वी एके दिवशी विंकोकाकाच्या तबकात सात दगड होते, असं बाबा सांगत. सातवा कबुतराच्या अंड्याएवढा, आत लाल विस्तव. दुसऱ्या दिवशी विंकोकाका आमच्या दारात उभा राहून ओरडला, "घरी जाऊन बघतो तर सहाच! तूच काढलास, स्टमाटिस!"

आमच्या गावात माणूस दारुडा चालतो, तिरसट चालतो, बायकापोरं सोडून पळून आलेलाही चालतो. भागीदाराचा दगड चोरणारा चालत नाही. तेव्हापासून ग्रीक क्लबात बाबांच्या टेबलाशी कुणी बसेनासं झालं. मी म्हटलं, "फोटो दाखवा ना त्याला." बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "ज्याच्याशी हात मिळवला त्याला पुरावा दाखवायचा? मग हात कशाला मिळवला?" तो फोटो त्यांनी स्वतःही कधी उघडला नाही.

या मार्चमध्ये कळलं की विंकोकाकाची पुतणी त्याला गुरुवारी अ‍ॅडलेडला नेणार, कायमचं. काका ऐंशीचा, बाबा एक्याऐंशीचे. बाबा क्लबात जाऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "जाण्याआधी त्याला फोटो दाखवणार आहे." घरी येऊन मला म्हणाले, "काढ तो."

सगळे फोटो, कागदावरचे जुनेही स्कॅन करून, बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये होते, आणि फक्त तिथेच. ओपल काढणारा माणूस आपल्याला काय सापडलं हे सख्ख्या भावाला सांगत नाही. दुसरी प्रत करून ठेवू म्हटलं की बाबा म्हणत, "चित्र घराबाहेर गेलं म्हणजे दगडच गेला." त्या कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क होत्या आणि त्या जोडीने काम करायच्या. प्रत्येक फोटोची एक पट्टी या डिस्कवर, पुढची त्या डिस्कवर. दोघी मिळून एक. एकटीला काही अर्थ नाही.

सोमवारी फोटो उतरवून घ्यायला मी शाळेतून आणलेला पेनड्राइव्ह त्याला लावला आणि कॉम्प्युटर घायकुतीला आला. खिडक्या आपोआप उघडू लागल्या. व्हायरस. मी शाळेच्या ग्रंथालयात असते, त्यामुळे मला सगळं येतं असा माझा समज आहे. कॉम्प्युटर जागा व्हायच्या आधीच चालू होऊन व्हायरस साफ करणारा एक प्रोग्रॅम असतो, तो मी दुसऱ्या कोऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून लावला. पडदा निळा झाला. त्या प्रोग्रॅमला जोडीचं काही ठाऊक नव्हतं. त्याला दिसल्या दोन वेगळ्या, मोडक्या डिस्क. पहिलीची सुरुवात बिघडली आहे, दुरुस्त करू? हो. दुसरीचीही? हो. पुन्हा चालू केला तर कॉम्प्युटर म्हणाला, जोडी सापडत नाही, नव्याने बांधू? मी त्यालाही हो म्हटलं. नवी डिस्क कोरी करून घेऊ? हो! इतके होकार मी लग्नातसुद्धा दिले नव्हते.

मग सगळं कोरं दिसलं.

अ‍ॅडलेडच्या एका तज्ज्ञाला फोन केला. त्याने विचारलं, "बिघडल्यावर आणखी काही दाबलंत का?" मी सगळं सांगितलं. त्याने ते सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, "पाठवा, पण महिना लागेल. आणि आशा धरू नका."

महिना कुठला? हाती दोन दिवस होते. पुसलेल्या डिस्कवर उरलंसुरलं शोधणारा एक प्रोग्रॅम मी लावला आणि शाळेत न जाता त्याच्यासमोर बसून राहिले. एकेक फोटो वर येत होता, पण वरची पट्टी तेवढी शाबूत, खाली करडं, नाहीतर भलत्याच दिवसाचे रंग. हिरव्याखाली जांभळं, बाबांच्या बोटाखाली कुठल्यातरी वर्षाचं निळं. चाळीस वर्षं समुद्राच्या तळाशी एकमेकांत मिसळून पडली होती आणि मी वरून बघत होते. कधी डोळा लागला ते कळलं नाही. स्वप्नातही तेच रंग होते, फक्त तिथे ते पुरे होते. जागी झाले तेव्हा पडद्यावर त्या दिवसाची तारीख असलेला फोटो होता. टेबलाची कड, दोन तबकांचे काठ, बाबांचा काळ्या नखाचा अंगठा. त्याखाली करडं.

मी रडत बाबांकडे गेले आणि सांगून टाकलं. वाटलं, आता आभाळ कोसळणार. बाबांनी चष्मा काढून पुसला.

"मीही घाबरत होतो," ते म्हणाले. "सात होते का, हे मला आता नीट आठवत नाही, फोतिनी. आठ वर्षं सात म्हणतोय म्हणून सात. फोटोत सहा निघाले असते तर?"

"बाबा, असं काय बोलता!"

"मी रविवारी कुठे जातो, वाटतं तुला?"

"पाय मोकळे करायला."

"आपल्या घरापासून त्याच्या घरापर्यंतचे सगळे मातीचे ढिगारे उपसून झालेत माझे. वाटेत पडला असेल त्याच्या हातून. सापडला असता तर नेऊन दिला असता." मग हळूच म्हणाले, "जा, त्याला सांग, फोटो राहिला नाही. मला जायला लाज वाटते."

बुधवारी दुपारी मी गेले. विंकोकाकाच्या घराच्या भिंती उघड्या पडल्या होत्या, खोकी बांधून झाली होती. तो खुर्चीत ताठ बसला होता. मला बघून उठलाही नाही.

"आणलास फोटो?" त्याने विचारलं. ओठ सुकले होते त्याचे.

"नाही, काका. गेला तो. सगळेच गेले. माझ्याच हातून पुसले गेले."

"सगळे? दुसरी प्रत?"

"नाहीच कुठे."

विंकोकाकाने श्वास सोडला. लांबलचक श्वास, आठ वर्षं धरून ठेवलेला. खांदे खाली आले, चेहऱ्यावर रंग आला. एकदम उठला, तांब्याच्या भांड्यात कॉफी ठेवली, माझ्यापुढे अक्रोडाचा केक ठेवला. "बिचारा स्टमाटिस," म्हणाला, "बिचारा! त्याला सांग, माझ्या मनात काही नाही हं. झालं गेलं! खा गं पोरी, खा." तो जवळजवळ गाणंच म्हणत होता.

मी केकचा तुकडा खाली ठेवला. फोटोत फक्त सात दगड दिसले असते; सातवा कुणी लपवला, तेही मला त्या चेहऱ्यावर दिसलं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि त्याला कळलं की मला कळलं. कॉफी उतू गेली तरी तो जागचा हलला नाही. त्याचा मला भयंकर राग आला. हाच मला खांद्यावर बसवून फिरवायचा.

घरी येईपर्यंत मी ठरवत होते की बाबांना सांगायचं. त्यांचं नाव त्यांना परत मिळेल. सात होते बाबा, सातच होते! दारात बाबा उभे होते, घाबरलेल्या मुलासारखे.

"काय म्हणाला?"

त्यांचं नाव द्यावं तर मित्र हिरावून घ्यावा लागणार होता.

"म्हणाला, सातच असतील," मी खोटं बोलले. "म्हणाला, माझ्याच हातून वाटेत मातीत पडला असेल."

बाबा खाली बसले. किती वेळ हसत होते, की रडत होते, मला कळलं नाही. "बघ," म्हणाले, "मी काय सांगत होतो!"

गुरुवारी सकाळी पुतणीच्या गाडीपाशी क्लबातली दहा-बारा माणसं जमली होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्यातून सरळ चालत गेले आणि त्यांनी विंकोकाकाला मिठी मारली. "अरे, मातीत पडला तर पडला," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माती काय परकी आहे का आपल्याला?"

विंकोकाका बाबांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता. मी नजर काढून घेतली नाही. बाबा त्याच्या पाठीवर थोपटत होते, आणि त्याचे हात मात्र दोन्ही बाजूंना तसेच लोंबत होते. ते त्याला उचलता आले नाहीत.