माळ्यावरची पावडर

कोलकात्यातल्या बागबाजारच्या त्या गल्लीत मंगळवारी मुंगीलाही शिरायला जागा नसायची. हरितानंद बाबांना देवी भेटायची ती फक्त मंगळवारी, चार ते सहा. देवीलाही बहुधा ऑफिस असावं. वाटीतल्या 'तीर्था'ला ते काडी लावत, चिमूटभर पांढरा अंगारा टाकत, पळीने ढवळत आणि ज्योत हिरवीगार होई.

"इडा जळाली, पीडा जळाली. अंगारा कपाळी लावा, चिंता सोडा."

कुसुमताईंनीही अंगाऱ्याची पुडी आणली. मुलगा-सून बँकेत, बदली कोलकात्याला. म्हणून पाच महिन्यांच्या नातीला, सानिकाला, सांभाळायला त्या साताऱ्याहून आल्या होत्या. पोर दूध ओकायची, अंगी काही लागेना. नुसता कपाळी लावून काय गुण येणार? त्यांनी सहाणेवर वेखंड-जायफळाची गुटी उगाळली, तिच्यात अंगारा कालवला आणि बोटाने चाटवला. रोज, पंधरा दिवस, मोठ्या मायेने.

सोळाव्या दिवशी पोरीची कातडी लालभडक होऊन सोलू लागली. मग झटके आले.

"घरात झुरळांचं औषध आहे?" हॉस्पिटलात डॉक्टर सेनबाईंनी विचारलं.

"बोरिक पावडर आहे. कणीक-साखरेत मीच गोळ्या करते. पण माळ्यावर ठेवते हो, लेकराचा हात पोचायला नको."

"मग पोटात आणखी काय दिलंत?"

कुसुमताईंनी पुडी पुढे केली. तपासणीचा कागद दुसऱ्या दिवशी आला. सानिका पहाटेच गेली होती.

"आजी, हीच ती बोरिक पावडर," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "सौम्य आम्ल आहे. कॅरमवर चालतं, झुरळांना चालतं. बाळाच्या अंगात मात्र साठत जातं. स्पिरिटात टाकून पेटवलं की ज्योत हिरवी होते, एवढाच त्याचा चमत्कार."

वैदेही, सून, सासूला एका शब्दाने बोलली नाही. तिने सहाण धुतली आणि पालथी घातली. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

पुढच्या मंगळवारी कुसुमताई गर्दीत उभ्या राहिल्या. घरून आणलेल्या वाटीत त्यांनी स्पिरिट ओतलं, माळ्यावरच्या डब्यातली पावडर टाकली, काडी लावली. ज्योत हिरवीगार झाली.

"ही माझ्या झुरळांची पावडर," त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या. "हिच्यात देवी कुठून आली?"

"अविश्वासाने देवी कोपते," हरितानंद गरजले.

"मी तर विश्वासच ठेवला होता."

शेजारी एक तरुण आई होती, कडेवर मूल, मुठीत पुडी. कुसुमताईंनी तिची मूठ हळूच उघडली.

"बाई, आधी विचार, हे काय आहे. देवाचं असलं तरी विचार. मी विचारलं नाही."