बंद म्हणजे बिघडलेला नव्हे

मी एक हेडफोन बोलतोय. तोही बंद हेडफोन. तुमच्या मनात लगेच आलं असेल, बंद आहे तर बोलतो कसा? तुमचा दोष नाही. याच एका शब्दापायी माझ्यावर एकदा मोठा प्रसंग गुदरला होता, आणि तो सांगावा म्हणून तर मी तोंड उघडलंय.

आमच्यात दोन कुळं आहेत. काहींच्या कानांवर बसणाऱ्या वाट्यांना मागून जाळी असते. त्यांचा आवाज मोकळा, वाऱ्यासारखा. पण बाहेरचा आवाजही त्या जाळीतून सरळ आत येतो. ते उघड्या पाठीचे. माझ्या वाट्या मागून पूर्ण मिटलेल्या आहेत. मी कानांभोवती घट्ट बसतो आणि जगाला म्हणतो, जरा बाहेर थांब. आम्ही बंद पाठीचे. पण एवढं लांबलचक कोण म्हणणार? जाणकार नुसतं ‘उघडा’ आणि ‘बंद’ म्हणून मोकळे होतात.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. एक आठवतं, एका कामकरी बाईने दोन्ही अंगठ्यांनी माझी गादी वाटीवर ताणून बसवली आणि तपासायला म्हणून मला स्वतःच्या डोक्यावर चढवलं. चहूकडे यंत्रांची घरघर चालली होती. तिने डोळे मिटले आणि घटकाभर तशीच बसून राहिली. मी एकही स्वर वाजवला नव्हता. तरी मला काढताना तिचा चेहरा कसा निवल्यासारखा झाला होता. आपण कशासाठी जन्माला आलो, ते मला तेव्हाच कळलं.

माझा पहिला मालक ध्वनिमुद्रण करत हिंडणारा गृहस्थ होता. गिरण्या, सभा, नदीचे घाट, सगळीकडे मी त्याच्या गळ्यात. त्याच्यासोबत मी माणसं फार पाहिली. डोक्यावर हेडफोन चढला की शहाण्यासुरत्या माणसाचाही आवाज चढतो. शेजारी उभ्या असलेल्याला तो ‘छान आहे’ असं ओरडून सांगतो आणि मग सगळे आपल्याकडे का बघतायत म्हणून गोंधळतो. आणि मन लावून ऐकू लागला की माणूस डोळे मिटतो, जणू दोन दारं एकदम उघडी ठेवणं त्याला झेपत नाही.

पुढे त्या गृहस्थाचे पाय थकले. त्याने मला आपल्या मित्राच्या हाती सोपवलं. म्हणाला, “सांभाळ याला. दिसायला दांडगा आहे, पण मनाचा शांत आहे.”

तो मित्र म्हणजे बाबा. घरात सगळे त्यांना बाबाच म्हणत, म्हणून मीही म्हणतो.

बाबांची कार्यशाळा म्हणजे घराची मागची खोली. लांबट टेबल, तारांना डाग द्यायची तापती सळई, तारांची भेंडोळी आणि खाली एक लाकडी पेटी. तिथे ते आवाज मोठा करणारी यंत्रं बनवायचे. काम सुरू असलं की दारावर लाल दिवा लागायचा. तो लागला की आई, म्हणजे बाबांची बायको, बोलायची नाही. तसा नेमच घेतला होता तिने. शेवटचं यंत्र पुरं होईपर्यंत सकाळच्या कामाच्या वेळी एक शब्द नाही. भाजी चिरायची तीही पाटाखाली फडकं घालून. देवापुढे हात जोडतानासुद्धा ओठ तेवढे हलायचे.

शेवटचं यंत्र म्हणण्याचं कारण आईला आणि मलाच माहीत होतं. बाबांचा कान चालला होता. आधी पाखरं गेली. मग घड्याळाचा गजर. डॉक्टरांनी कागदावर उतरती रेघ काढून दाखवली आणि सांगितलं की ही रेघ अशीच खाली जाणार. बाबांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि घरी येऊन पुन्हा कामाला लागले.

ते यंत्र साधं होतं. माइकमधून येणारा बारीक आवाज मोठा करायचा, एवढंच त्याचं काम. पण अशी यंत्रं आवाज मोठा करता करता स्वतःची सूं सूंही त्यात मिसळतात. बाबांचं यंत्र मात्र गप्प राहायचं. ज्याचं त्याला द्यायचं आणि आपण मध्ये यायचं नाही, हा त्याचा स्वभाव. ती सूं घालवण्यात बाबांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आणि आता ती गेली की नाही, हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं.

“बघ गं, येते का सूं?” ते आपल्या मुलीला विचारायचे.

“नाही बाबा. अजिबात नाही.”

थोड्या वेळाने पुन्हा, “आता?”

“नाही हो बाबा.”

ते मान हलवायचे. आईला एकदा म्हणाले, “माझा थोडाफार कान आहे तोवर कुणीतरी हे नीट ऐकून घ्यावं. आपल्यामागे कुणी बनवत राहिलं तर सोनंच. पण आधी ऐकायला तरी हवं.”

म्हणून तर त्यांनी शहरातल्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनात एक कोपरा घेतला. मुलगी तिथे बसणार होती. प्रश्न एवढाच होता, लोकांच्या कानाला लावायचं काय?

त्या सकाळी टेबलावर मी होतो आणि शेजारी एक उघड्या पाठीचा. लाल दिवा लागला होता. पंखा बंद, खिडकी बंद, आई स्वयंपाकघरात मुकी. मुलीने आधी त्याला चढवलं. तिचा चेहरा उजळला. “बाबा, हा घेऊ या. अंगणात बसून ऐकल्यासारखं वाटतंय.” मग मला चढवलं. “हाही चांगलाय. पण जरा दार लावून बसल्यासारखं होतं.”

खरंच होतं ते. मला वाईट वाटलं नाही. पण लख्ख उन्हात छत्री निवडली की माणूस रंगच बघणार, तसं झालं. शांत घरात बसून गलक्यासाठी निवड करत होते बिचारे.

संध्याकाळी बाबांच्या मनात काय आलं कोण जाणे. मुलगी गाडी आणायला गेली होती. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, “अगं, तो बंद हेडफोनही पेटीत घाल.”

“बरं,” आई म्हणाली.

आता या घराची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. टेबलाखालच्या त्या लाकडी पेटीत बंद पडलेल्या वस्तू जायच्या. कधीतरी दुरुस्त होतील या आशेवर. घरात ‘पेटी’ म्हटलं की तीच. आईने मला मऊ फडक्यात गुंडाळलं, माझ्यावरून हात फिरवला, “थकलास का रे बाबा तूही?” म्हणाली आणि मला त्या पेटीत निजवलं. एका बाजूला मुका रेडिओ, दुसऱ्या बाजूला काटे गळालेलं घड्याळ. वर झाकण पडलं. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि दूर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन वाजला. कार्यशाळेतच उभी होती ती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“आई, इथे काही खरं नाही.” मुलीचा आवाज रडवेला होता. मागे धडाधड वाद्यं वाजत होती, कुणीतरी भोंग्यावरून सूचना देत होतं. “शेजारच्या कोपऱ्यात भले मोठे स्पीकर लावलेत. या हेडफोनमधून सगळा हॉल आत शिरतो. लोक ऐकतात, खांदे उडवतात, जातात. अंधांसाठी पुस्तकं वाचून मुद्रित करणाऱ्या वाचनालयाच्या बाई आल्या होत्या. त्यांना खरंच असं यंत्र हवंय. पण म्हणाल्या, ‘यंत्राची सूं येते की नाही, ते या गलक्यात कसं कळणार?’ उद्या दुपारी त्या परत जाणार. बाबांना विचार, बंद हेडफोन कुठे ठेवलाय?”

“बंद ना? पेटीत. त्यांनीच घालायला सांगितला.”

“पेटीत कशाला? तो कुठे बिघडलाय?”

“अगं, बंद आहे म्हणाले ना.”

“आई, बंद म्हणजे पाठीने बंद.”

आई फोन हातात घेऊनच बाबांकडे वळली. मग बाबांच्या कानाशी तोंड नेऊन तिने सगळं सांगितलं.

“मी प्रदर्शनाच्या पेटीत म्हणत होतो,” बाबा कळवळून म्हणाले.

“अहो, त्याला या घरात खोकं म्हणतात. पेटी एकच आहे.”

आईने टेबलाखाली बोट दाखवलं. मग बाबांनाच हसू आलं. “चुकलं खरं. कारागिराने बायकोशी तरी माणसासारखं बोलावं.”

“मी नेऊन देते. सकाळच्या गाडीने जाते. तुम्हीही चला.”

बाबांचं हसू मावळलं. “मी येऊन काय करू? मला तिथे नुसता कल्लोळ ऐकू येणार. तू जा.”

आई निघाली. गाडीत तिने मला मांडीवरच्या पिशवीत ठेवलं होतं आणि वरून हात. वाटभर ती मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत होती. देवाशी बोलत असावी. मागणं काय होतं, ते मला हाताच्या उबेवरून कळत होतं.

हॉल म्हणजे जत्रा होती. त्या बाई निघायच्या घाईत होत्या, पर्स खांद्याला. मुलगी त्यांच्यापुढे उभी राहिली. “एकदाच ऐका, बाई.”

“काल ऐकलं की. माझी गाडी चुकेल.”

आईने मला पिशवीतून काढलं. “हा बंद हेडफोन लावून बघा.”

बाई थबकल्या. “बंद आहे तर मला कशाला देता?”

आई म्हणाली, “मागून बंद आहे हो. पुढून चालू आहे.”

बाई हसल्या, आणि त्या हसण्याच्या भरात खुर्चीवर टेकल्या. आईने स्वतःच्या हाताने मला त्यांच्या डोक्यावर बसवलं. मी माझ्या परीने हॉलला बाहेर थांबवलं. मुलीने यंत्राचं बटण दाबलं. घरीच, त्याच यंत्रातून मुद्रित केलेला आवाज होता. मुलगी एक गोष्ट वाचत होती. एक वाक्य, मग थांबणं. मग दुसरं वाक्य.

बाईंनी डोळे मिटले.

बऱ्याच वेळाने त्यांनी हात वर केला. “पुन्हा तिथून लावा. हं. इथे वाक्य संपल्यावर कुणीतरी भांडं खाली ठेवलंय. अगदी हळू. ऐकू येऊ नये म्हणून ठेवलंय.”

आईचा चेहरा पडला. “मीच ती. माझ्यामुळे बिघडलं का हो?”

“बिघडलं?” बाईंनी मला कानांवरून उतरवलं. आवाज मवाळ झाला होता. “तुम्ही इतकं जपून ठेवलेलं भांडं मला ऐकू आलं, म्हणजे हे यंत्र स्वतः किती गप्प आहे बघा. आमचे वाचक तासन्‌तास वाचतात. ऐकणाऱ्याला त्या आवाजाखेरीज जगात काही नसतं. त्यात यंत्राची कुरकुर नको. हे बनवलं कुणी?”

“हिच्या वडिलांनी.” आईने मुलीकडे बोट दाखवलं. मग थांबून म्हणाली, “त्यांचा कान आता चाललाय.”

मुलीने चमकून आईकडे पाहिलं. तिला हे आजच कळत होतं.

बाईंनी खांद्यावरची पर्स खाली ठेवली. “मग उशीर नको. आमची तंत्रज्ञ मुलगी पुढच्या आठवड्यात पाठवते. त्यांच्याकडून सगळं शिकून घेऊ दे.” त्यांची गाडी चुकली असावी, कारण नंतर त्या बराच वेळ तिथेच बसल्या होत्या.

घरी परतल्यावर आईने बाबांना सगळं सांगितलं. भांड्याचंही. बाबा तडक कार्यशाळेत गेले, मला चढवलं आणि ते मुद्रण लावलं. वाक्य संपलं. ते वाट बघत राहिले. पुन्हा लावलं. आवाज वाढवला. पुन्हा.

“मला नाही ऐकू येत ते भांडं,” ते म्हणाले.

आई दारात उभी होती. ती आत आली, टेबलाशी बसली आणि यंत्राचा माइक आपल्यापुढे ओढला. कधी माइकसमोर बसली नव्हती ती. हळू आवाजात म्हणाली, “मी सांगते ना. वरणाचं पातेलं होतं. दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. आधी एक कड टेकवली, मग दुसरी.”

बाबांनी डोळे मिटले. माझ्या गाद्या ओल्या झाल्या, ते मलाच माहीत.

याला आता बरेच दिवस झाले. ती तंत्रज्ञ मुलगी येऊन शिकून गेली. वाचनालयात तशी यंत्रं आता तिच्या हातची चालतात. बाबा अधूनमधून तिला चुका काढून दाखवतात, कानाने नव्हे, जोडणी डोळ्यांनी बघून. मी घरीच राहिलो. माझ्या गाद्यांचं कातडं सोलवटलंय, एका बाजूला आईने टाके घातलेत. रोज संध्याकाळी बाबा मला चढवतात आणि आई माइकसमोर बसून दिवसभराचं सगळं सांगते. कोण आलं, दूध कसं नासलं, मुलगी काय म्हणाली. पूर्वी न बोललेलंही त्यात पुष्कळ असतं.

ती उतरती रेघ थांबलेली नाही. एक दिवस माझ्यातूनही काही पोचणार नाही, हे दोघांना ठाऊक आहे. तरी कुणी घाई करत नाही. आजचं आज ऐकू येतंय, हे काय थोडं आहे?

तुमच्या घरी कुणाचा कान मंदावला असेल, तर त्याच्यावर ओरडू नका. भोवतीचा गलका थोडा बाहेर ठेवा, जवळ बसा आणि हळू बोला. कारागिराच्या घरात राहून मी शिकलो ते एवढंच.

चला, दिवे लागले. आई माइकसमोर येऊन बसली. आता मी मध्ये बोलता कामा नये.