वाफ्यातला डाग

आमच्या घरामागून तेलाची पाइपलाइन जाते. थंडी संपता संपता ती फुटली आणि काळं कच्चं तेल आणि तेलविहिरीतून त्याच्याबरोबर येणारं खारं पाणी, दोन्ही हिच्या भाजीच्या वाफ्यात शिरलं. ही म्हणजे माझी बायको. ती जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

कंपनीचा सुपरवायझर येऊन गेला. माणूस भला. ही माती उकरून नेतो आणि नवी आणून टाकतो, म्हणाला. मला नवी नको होती. भाज्यांची सालं, चहाचा चोथा, वाळकी पानं जिरवून जिरवून ती माती हिने केली होती. हिच्या हातचं घरात आता तेवढंच उरलं होतं. शेवटी त्याने उन्हाळा संपेपर्यंत मुदत दिली. तेव्हा पाणी ओतून बघू, जिरलं तर माती राहील, साचलं तर ट्रक येईल.

मी जन्मभर लॉन्ड्री चालवली. तेलाचा डाग मला काय नवा? धुण्याचा सोडा आणि साबणाची पूड वाफ्यावर पसरली, पाणी मारलं आणि खराट्याने घासलं. फेस बघून जीव सुखावला. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, आता नीळ घाला आणि इस्त्री करा.

वाफा वाळला तेव्हा अशी पापडी धरली होती की खुरपं टणकन उडालं. आधी पाणी थेंब होऊन घरंगळायचं, आता ताटात ओतल्यासारखं तसंच थांबायचं.

माझी मुलगी माती तपासायच्या प्रयोगशाळेत असते. तिने एक ढेकूळ पेल्यातल्या पाण्यात टाकलं. ते विरघळून पाणी गढूळ झालं आणि गाळ खाली बसेचना. तिने कपाळाला हात लावला.

"बाबा, ही चादर नाही. मिठातल्या सोडियमने मातीचे कण सुटे होतात आणि छिद्रं बुजतात. तुम्ही सोड्यातून तेच आणखी घातलंत."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

"आणि तेल?"

"तेल पाण्याला आत येऊ देत नाही. पाणी आत आल्याशिवाय मीठ निघत नाही. आणि मीठ फार आहे तोवर तेल खाणारे जंतू जेवायला बसत नाहीत."

"म्हणजे आपल्या घरासारखंच. प्रत्येकजण दुसऱ्यासाठी खोळंबलेला."

ती हसली. आई गेल्यापासून एवढं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं.

मग तिच्या सांगण्याप्रमाणे सुरुवात केली. पापडी फोडून बारीक पेंढा मिसळला, म्हणजे पाण्याला वाट मिळेल. जिप्समची पूड घातली, ती सोडियमला मातीवरून हुसकावते. कडेला चर खणला. पाणी थोडं थोडं सोडलं, चरातलं खारं पाणी पिंपात भरलं, ते कंपनीचा टँकर घेऊन जायचा. खारटपणा उतरल्यावर शेणखत घातलं आणि माती वरखाली करत राहिलो. हळूहळू पेट्रोलपंपाचा वास कमी होऊन मातीचा यायला लागला.

लॉन्ड्रीत गिऱ्हाइकांशी बोलायला ही बसायची. मी डागावर झडप घातली की तिथूनच सांगायची, "अहो, आधी कापड बघा." माती उकरताना ते सारखं आठवायचं. ती गेल्यावरही तिचंच खरं ठरत होतं. मला बरं वाटत होतं.

ठरल्याप्रमाणे सुपरवायझर कॅन घेऊन आला. पाणी ओतलं. ते वर थांबलं. मग एक बुडबुडा आला, त्यामागून दुसरा, आणि बघता बघता पाणी खाली गेलं. त्याने पुन्हा ओतलं. तेही गेलं.

"राहू दे माती," तो म्हणाला.

तेलाचा काळपटपणा अजून होता. मुलगी म्हणाली, तो जायला वेळ लागेल, जंतूंना घाई करता येत नाही, आणि तोवर इथली भाजी खायची नाही. शेजारीण म्हणाली, इस्त्री मात्र राहिलीच.

सगळे गेल्यावर चहा टाकला. सवयीने दोघांचा झाला. दोन्ही कप मीच प्यालो आणि चोथा घेऊन वाफ्याकडे गेलो.