मागे धरलेला हात

या, जरा जवळ सरका. हळू सांगायची गोष्ट आहे, आणि तिची सुरुवात एका हातमोज्यापासून आहे…

पांढरा, सुती, मनगटाशी मोत्यासारखं एकच बटण – आणि नेमका त्या बटणावरच सुपाचा थेंब पडलेला. गाडीतल्या मिणमिणत्या दिव्यात आर्डेलिया तो अंगठ्याने पुसत होती. गाडी चालवणारा होझिया, चर्चचा डीकन म्हणजे सेवेकरी, चर्चपासून चिडवतच आला होता, की मदर – चर्चमधल्या थोरल्या बायकांना सगळे मदरच म्हणत – रस्त्यावर सूप वाटायला निघालात की कुणाच्या लग्नाला. तिने ऐकवलं होतं, की रविवारी चर्चच्या दारात उभी राहून लोकांना जागा दाखवते, तेव्हा जशी उभी राहते तशीच इथेही राहणार. सेवा ती सेवा.

पण तिचं लक्ष पुलाखाली होतं. तिथे राहणारा तो बेघर माणूस आजही तिथेच होता, पुठ्ठ्यांच्या आडोशाला. होझियाच्या हातून तो पेला घ्यायचा; तिच्या हातून कधीच नाही. तिने पुढे केला की अंग चोरून भिंतीला टेकायचा. माझ्यातच काही आहे का रे देवा, असं काय दिसतं त्याला… एरवी तिने मनाला लावून घेतलं नसतं. पण आज डेट्रॉइट नदीवरून येणारा वारा हाडं पोखरत होता, आणि अशा रात्री उघड्यावर झोपलेला माणूस सकाळी उठेलच असं नसतं. चर्चच्या तळघरात खाटा मांडल्या होत्या. त्यातल्या एकीवर तिने घरची गोधडी घातली होती. त्याच्यासाठी.

थोरले रेव्हरंड असते तर त्यांनी आणलं असतं त्याला. त्यांचं प्रवचन साधं बोलण्यातून सुरू व्हायचं, मग शब्दांना हेलकावे यायचे, आणि कधी ते गाणं झालं ते कळायचंही नाही – ते एक ओळ उंच सोडायचे, बाकांवरून उत्तर यायचं, त्यांचा श्वास अडखळला तर कुणीतरी मायेने म्हणायचं, सावकाश, सावकाश… ईस्टरनंतर ते गेले. नवे रेव्हरंड चांगलं बोलतात, अगदी मुद्द्याचं बोलतात. पण गात नाहीत. तेव्हापासून आर्डेलियाच्या गळ्यातलं उत्तर गळ्यातच राहिलं होतं. देव गप्प झाला नव्हता. मीच झाले होते…

ती उतरली. उजव्या हातात पेला, डावा हात पाठीशी दुमडलेला. तो मागे सरकला.

"मागे काय धरलंय?" त्याने विचारलं.

"कुठे? काही नाही."

"मागे एक चौकीदारही हेच म्हणाला होता. त्याच्या पाठीमागे काठी होती."

तिला आधी उमगलंच नाही. मग स्वतःचाच डावा हात तिला परका असल्यासारखा जाणवला – कमरेशी, मूठ वळलेला, चर्चच्या दारातल्या सेवेत असंच उभं राहायची शिस्त, तरुणपणी हाडात मुरलेली. एवढ्यासाठी! तिने तो पुढे आणला, हातमोजा दातांनी ओढून काढला आणि उघडा तळवा त्याच्यासमोर धरला. सुरकुतलेला, रिकामा. तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने पेला घेतला.

त्याचे मोजे ओले होते. सोबत आणलेले कोरडे चढवायला ती गुडघ्यांवर बसली आणि गुडघे तिथेच अडकले. तिच्या तोंडून कण्हणं निघालं.

"सावकाश, मदर…" तो म्हणाला. "सावकाश."

शेवटचा स्वर खाली झुकलेला, लांबवलेला. आर्डेलियाने मान वर केली. असं रस्त्यावर कुणी म्हणत नाही – असं बाकावरून म्हणतात. कुठल्या चर्चचा बाक, कुणाच्या शेजारचा? तिने विचारलं नाही. तिच्या गळ्यातून मात्र काहीतरी वर आलं, शब्द नसलेलं, नुसता हुंकार. तो संपतो तोच त्याने उत्तर दिलं, पेल्यात तोंड ठेवून, अगदी बारीक.

तिने खाटेचं सांगितलं. गोधडीचंही. चार भिंतींत आपला जीव घुसमटतो, तो म्हणाला, बघू. होझियाने हॉर्न वाजवला नाही, नुसता वाट पाहत राहिला.

"दार कधीपर्यंत उघडं असतं?"

"मी दारात असेन."

"माझं नाव लेम्युएल. रविवारी प्रार्थनेत घ्याल?"

"रविवारपर्यंत कशाला थांबू?"

आता ती चर्चच्या दारात उभी आहे. एक हातमोजा पुलाखालीच राहिला. दोन्ही हात पुढे, गारठलेले. होझिया म्हणतो, मदर, आत तरी बसा. तिला ऐकू येत नाही, कारण गळ्यात तो स्वर अजून फिरतोय, आणि रस्त्याच्या टोकाशी काही हललं की तो उंचावतो… वारा असेल. किंवा नसेल.

तुमच्याकडेही रात्र पडली असेल. दार लावण्याआधी त्याची एकदा आठवण काढा. लेम्युएल त्याचं नाव.