पिलांचा बल्ब

सत्तर सालच्या थंडीत छबूबाईनं नगरहून कोंबडीची पिलं आणली. एका दिवसाची, पिवळी, मुठीत मावतील एवढी. कर्जतजवळच्या त्यांच्या वस्तीवर वीज येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. घरात दोनच दिवे होते, एक चुलीपाशी आणि एक पडवीत. पडवीतल्या दिव्यासाठी तिनं शंभरचा बल्ब आणला आणि लांब वायर सोडून तो खाली टांगला, जमिनीपासून हातभर उंचीवर. भोवती पत्र्याचं कडं केलं, आत भाताचं तूस पसरलं.

पिलं देणाऱ्या साहेबांनी तिला बजावलं होतं, "ही बिनआईची पिलं आहेत. महिनाभर बल्ब हीच त्यांची आई. बल्बाखाली दाटी करून बसली तर त्यांना थंडी वाजतेय. लांब पळाली तर उकडतंय. त्याप्रमाणे बल्ब खाली-वर करायचा."

चार-पाच दिवस सगळं नीट चाललं. छबूबाई सकाळ-संध्याकाळ पत्र्याआड हात घालून ऊब बघायची. सासू राहीबाई दुपारी तिथंच वाती वळत बसायची, कारण पडवीतली तेवढीच जागा गरम असायची.

छबूबाईचा नवरा गहिनीनाथ गळ्यात माळ घातलेला, भैरवनाथाच्या देवळातल्या भजनी मंडळातला. कोंबड्या त्याला फारशा पसंत नव्हत्या, पण बायकोच्या आड तो आला नाही. त्याला कौतुक होतं ते विजेचं. शनिवारी छबूबाई कर्जतच्या बाजारला गेली, राहीबाईही शेतात होती, त्याच दिवशी त्यानं राधाकृष्ण वायरमनला बोलावून पडवीत ट्यूब बसवून घेतली.

"बल्बात तार तापती," राधाकृष्णनं पट्टी ठोकता ठोकता सांगितलं. "पार पांढरी हुईस्तोवर तापती, तवा उजेड पडतो. वीज बरीचशी तापण्यातच जाती. ट्यूबचं तसं न्हाई. हितं नळीतला वायू पेटतो आन् आतला पांढरा लेप उजळतो. म्हणून चाळीसची ट्यूब शंभरच्या बल्बाला मागं सारती. हात लावून बघा, गरमसुदिक होत न्हाई."

गहिनीनाथनं हात लावून बघितला. ही नळी फुकट तापत नाही, याचंच त्याला समाधान वाटलं. पडवी दिवसासारखी उजळली. पिलांना आता कोपरान् कोपरा दिसेल, असं त्याला मनापासून वाटलं. काढलेला बल्ब त्यानं देवळात नेऊन लावला. तिथला कालच उडाला होता.

दिवेलागणीला छबूबाई परतली. लांबूनच घर पांढरं दिसलं आणि तिचा जीव चरकला. पडवीत आली तर पिलं पत्र्याच्या एका कडेला एकमेकांवर चढून ढीग करून बसली होती, चिवचिव करून ओरडत होती. तिनं भराभरा ढीग मोकळा केला. तळाशी सहा पिलं गुदमरून मेली होती.

"अवो, बलब कुठंय?"

"देवळात दिला. अगं, त्याच्या दुप्पट उजेड हाय हा!"

"पिलांना उजेड काय करायचाय?" तिनं त्याचा हात धरून पत्र्याआड घातला. तूस गार होतं. गहिनीनाथनं हात मागं घेतला.

"जावा, घिऊन या."

"देवाला दिल्यालं परत मागू? समदी भजनाला बसल्याली असतील आता."

शेतातून नुकत्याच परतलेल्या राहीबाईनं गरम पाण्याची कळशी पोत्यात गुंडाळून पिलांमध्ये ठेवली आणि सुनेला म्हणाली, "तूच जा. मी बघते हितं."

छबूबाईनं चुलीपाशी जाऊन बटण बंद केलं, तिथला चाळीसचा बल्ब काढून ओच्यात घेतला आणि ती देवळात गेली. भजन नुकतंच सुरू झालं होतं. ती उंबऱ्याशी उभी राहिली तसे टाळ थांबले. मंडळाचे सहादेवअण्णा म्हणाले, "काय गं, छबू?"

तिनं काय झालं ते सांगितलं. अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कोंबड्यांपायी देवाम्होरचा दिवा काढायचा? आन् त्यो बी माळकऱ्याच्या घरात?"

"अंधार करत न्हाई, अण्णा. ह्यो दुसरा आणलाय. उजेड थोडा कमी पडंल, पर देव काय गारठत न्हाई. ती पिलं सकाळपतूर ऱ्हायची न्हाईत." मग तिच्या तोंडून निघून गेलं, "उद्या आमची ट्यूब आणून लावते हितं."

कुणीतरी हसलं. अण्णा मात्र हसले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनीच उठून बटण बंद केलं. छबूबाईनं पदरानं धरून तापलेला बल्ब काढला, चाळीसचा लावला आणि त्या पिवळट उजेडात पुन्हा टाळ वाजू लागले. घरी येईतो बल्बाची धग पदरातून तिच्या पोटाला जाणवत होती.

बल्ब टांगल्यावर पिलं आधी त्याच्या खाली धावली. मग हळूहळू पांगून तुसावर पसरली. त्यांच्यावर नजर ठेवून गहिनीनाथ बराच वेळ उकिडवा बसला होता. "मला वाटलं, उजेड हाय म्हंजी समदं हाय," तो म्हणाला. छबूबाईनं त्याच्यापुढं भाकरीचं ताट सरकवलं. दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

ट्यूब देवळात गेली, पण तिचं तिथंही सुरळीत झालं नाही. सांजच्याला विहिरींवरच्या मोटारी चालू झाल्या की वीज मंदावायची. ट्यूब नुसती लुकलुकायची, पेटायची नाही आणि भजनी मंडळ कंदिलावर बसायचं. त्या वेळी पडवीतला बल्बही लालसर व्हायचा. ऊब कमी पडली की छबूबाई तो चार बोटं खाली घ्यायची आणि राहीबाई कळशी आणून ठेवायची. आणखी दोन पिलं दगावली. बाकीची तगली.

पौषात त्यांना पिसं फुटली आणि त्यांनी बल्बाखाली बसणं सोडून दिलं. चैत्र सरता सरता पहिलं अंडं मिळालं. गहिनीनाथनं आयुष्यात अंड्याला हात लावला नव्हता. तरी भुशात अंडी रचलेली टोपली सायकलला बांधून कर्जतला नेण्याचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं. सहादेवअण्णांनी वाटेत हटकलं, तर तो म्हणायचा, "मी खात न्हाई, अण्णा. नुसतं पोचवतो." आणि खड्डा आला की सायकलवरून उतरून चालायचा.