ट्रॅक्टरच्या टेपातून लिनक्सपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. टोपण हरवलेला, एका कोपऱ्यावर दातांच्या खुणा असलेला आणि अंगाला कायम थोडा डिझेलचा वास येणारा. तुमच्या कंपासपेटीतल्या खोडरबराएवढा माझा जीव, पण माझ्यात किती मावतं हे कळलं तर तुम्ही मला अहोजाहो कराल.

माझा जन्म कुठल्यातरी दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही, कारण आम्ही कोरेच जन्माला येतो. आठवणी काय त्या तुम्ही माणसं आमच्यात भरता. माझी पहिली आठवण मलकापूरच्या एका दुकानातली आहे. मी तिथे खिळ्याला लटकत होतो. कापूस विकून निघालेले रंगराव थांबले आणि मला उलटंसुलटं करत त्यांनी विचारलं, "यात भजनं किती बसतीन?"

"जिंदगीभर आयका, काका," दुकानदार म्हणाला.

रंगरावांना ते पटलं. त्यांना सगळंच लवकर पटत असे. संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. दारात आलेल्याला 'नाही' म्हणायचं नाही, ही त्यांची रीत. वर्गणीवाले येवोत, नाहीतर प्लास्टिकच्या खुर्च्या विकणारा येवो, सगळ्यांना 'हो'. त्यांची बायको रुक्मिणीबाई म्हणायच्या, "या माणसाले नाई म्हनताच येत नाई. माह्या बापानं विचारलं तवाही हे हो म्हनून बसले."

गावात मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या गोकुळने माझ्यात गाणी भरली. भजनं, गवळणी, भारुडं आणि लग्नसराईत लागतात ती धिंगाणा गाणी. मग मी ट्रॅक्टरच्या टेपात जाऊन बसलो. काय दिवस होते ते! नांगरणीला मी, कापसाची ट्रॉली निघाली की पुढे मी, वरातीत तर नवरदेवापेक्षा माझीच चौकशी जास्त. "रंगराव, तुमचा पेनड्राइव्ह आना बरं का!" असं लोक मुद्दाम सांगून जात. टेपाची वायर सैल झाली की रंगराव मला दातात धरून ती पिळत बसत. खुणा त्याच्याच आहेत, मला त्यांचा राग नाही.

राग आला तो पुढे. टेप बिघडला आणि मी पाना-पक्कडच्या डब्यात जाऊन पडलो. माझ्याशेजारी गंजलेले नटबोल्ट होते. त्यांना गाण्यातलं काही कळत नसे. ज्याची वरातीत चौकशी व्हायची, त्याला आता कुणी विचारीना. मित्रांनो, मी तेव्हा फार रुसलो होतो.

त्या घरात अनुपमा नावाची सून होती. लग्न ठरलं तेव्हा तिचं मराठी टायपिंग अर्धवट राहिलं होतं. ते पास झालं तर बाजार समितीतल्या लिपिकाच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता, म्हणून तिने संग्रामपूरच्या क्लासला पुन्हा नाव घातलं. पण कापूस वेचणीच्या दिवसांत रोज जाणं जमेना. मग ती पाटावर खडूने कीबोर्ड काढायची आणि दुपारी त्यावर बोटं चालवायची. पाटावर बोटं चालतात, पण चूक झाली हे पाट सांगत नाही. आणि परीक्षेची तारीखही लागली होती.

तिचा नवरा प्रज्वल मलकापूरला एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढून रुई करणाऱ्या कारखान्यात, कामाला होता. तिथल्या ऑफिसाने जुने कॉम्प्युटर काढले, तेव्हा त्यातला एक त्याने तिच्यासाठी घरी आणला. चार दिवस बरा चालला आणि मग सुरूच होईना. आतली सिस्टीम बिघडली होती. ओसरीतल्या टेबलावर त्याच्यावर जुनं लुगडं पांघरून ठेवलं होतं. एके दिवशी भंगारवाला कडूबा दारात आला आणि म्हणाला, "काका, हे डबडं द्या मले." रंगराव म्हणाले, "हो. येत्या बाजाराच्या दिवशी घेऊन जा."

अनुपमाने ते ऐकलं. भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून ती बाहेर आली. "मामाजी, बाजारापर्यंत मले द्या. चालू झाला त ठेवा, नाई झाला त द्या कडूबाले."

रंगराव तिलाही 'हो' म्हणाले. एकाच वस्तूसाठी दोघांना हो!

अनुपमाची धाकटी बहीण निशिगंधा चिखलीच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. तिने फोनवर उपाय सांगितला. लिनक्स नावाची सिस्टीम असते, ती फुकट मिळते आणि जुन्या मशीनवरही हलकी चालते. ती इंटरनेटवरून उतरवून पेनड्राइव्हमध्ये घ्यायची आणि पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करायचा. आता पेनड्राइव्ह कुठून आणायचा? तेव्हा घरादाराला माझी आठवण झाली. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, पण गरज परत आली की वैद्यालाही डब्यातून उकरून काढतात.

"यातलं सगळं पुसल्या जाईन, मामाजी," अनुपमा म्हणाली.

रंगरावांचा चेहरा उतरला. "माह्ये भजनंही?"

"आधी माह्या मोबाइलमंदी घेऊन ठेवते. एकही जाऊ देत नाई."

आणि तिने तसंच केलं. सगळी भजनं आधी मोबाइलमध्ये नीट उतरवली, दोन लावून पाहिली आणि मगच मला गोकुळच्या हाती दिलं. त्या मुलीबद्दल माझं मत तिथेच चांगलं झालं.

गोकुळने मात्र घोळ घातला. त्याचं आयुष्य गाणी भरण्यात गेलेलं. त्याने लिनक्सची फाइलही इंटरनेटवरून उतरवली आणि गाण्यासारखीच माझ्यात टाकली. "घ्या वहिनी, भरून देलं!" घरी अनुपमाने मला लावलं, तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली: सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही.

"अवं ताई, फाइल नुसती ठेवून चालत नाई," निशिगंधा फोनवर हसली. "ज्वारीचं पोतं घरात आनलं म्हंजे भाकर झाली काय? पेनड्राइव्हवर लिहिनारा एक वेगळा प्रोग्राम असते, त्यानं लिहावं लागते."

गोकुळने तो प्रोग्राम मिळवला आणि माझ्यावर लिनक्स लिहिलं. मला अंगावर गोंदून घेतल्यासारखं झालं. घरी या वेळी पडद्यावर चित्र उमटलं आणि अनुपमाने टाळी वाजवली, पण चित्र तिथेच थिजलं. फाइल उतरताना गावातली लाइट गेली होती आणि फाइल अपुरीच आली होती. ज्या ठिकाणाहून फाइल मिळते, तिथे तिच्या ओळखीची अक्षरा-आकड्यांची एक लांब ओळ दिलेली असते. आपल्या फाइलची ओळ काढून ती जुळवायची, असं निशिगंधाने सांगितलं. गोकुळने जुळवली, तर पहिल्या अक्षरापासूनच फरक. फाइल पुन्हा उतरवावी लागली. तोवर घरोघर बातमी गेली होती, की रंगरावांचा पेनड्राइव्ह खराब झाला. मी खराब? माझ्यात जे घातलं तेच अर्धवट होतं, हे कोण कुणाला सांगणार?

तिसऱ्या वेळी फाइल पुरी होती. ओळ जुळली, लिहिणंही नीट झालं. आता मला काढायचं आणि घरी न्यायचं, एवढंच उरलं होतं. पण मला न्यायला रंगराव स्वतः आले होते. सुनेच्या कामाला हातभार लावावा, असं त्यांना मनापासून वाटत होतं. "नीट भरलं काय पाय बरं एकडाव," ते गोकुळला म्हणाले. गोकुळने मला पुन्हा दुकानातल्या कॉम्प्युटरला लावलं. त्या कॉम्प्युटरला माझ्यावरची नवी लिपी वाचता येईना. वाचता आलं नाही की तो एकच प्रश्न विचारतो: हा पेनड्राइव्ह फॉरमॅट करू का? म्हणजे, सगळं पुसू का?

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. गोकुळने पडद्यावरची ओळ अर्धीच वाचली. "काका, हे काईतरी विचारून राह्यलं. हो म्हनू काय?"

"म्हन ना हो! कोनी विचारायले आलं त नाई काऊन म्हनाचं?"

आणि मी पुन्हा कोरा झालो. त्या वेळी मला वाचा असती तर मी दुकान डोक्यावर घेतलं असतं.

घरी सगळा उलगडा झाला तेव्हा अनुपमाने मला टेबलावर ठेवलं. ती आत गेली आणि पाटावर पुसट झालेला कीबोर्ड खडूने परत गिरवू लागली. रंगरावांनी ते दारातून पाहिलं. दुसऱ्या दिवशी बाजार होता. त्यांना जेवण गेलं नाही. मला मुठीत धरून ते उन्हातच गोकुळकडे परत निघाले. "पुन्ना लिही. आन् आता तो काई विचारीन त मले आधी वाचून दाखव," त्यांनी बजावलं. गोकुळही वरमला होता. त्याने मला पुन्हा लिहिलं, प्रोग्रामने काम झाल्याचं सांगेपर्यंत हात लावला नाही आणि नंतर पडद्यावर आलेल्या प्रश्नाला दोघांनी मिळून 'नाही' दिलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी अनुपमाने मला लावलं. कॉम्प्युटर सुरू होताना कोणतं बटण दाबायचं आणि यादीतून माझं नाव कसं निवडायचं, ते तिला आता तोंडपाठ होतं. चित्र आलं. ओळी धावल्या. आणि मधेच सगळं गप्प. पुन्हा केलं, पुन्हा गप्प. माझ्यावरचं एकेक अक्षर जागेवर होतं, मित्रांनो! पण त्या खाचेत मला काहीतरी मऊमऊ अडत होतं आणि मी नीट बसतच नव्हतो.

रुक्मिणीबाई शेजारीच वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "अवं, त्या भोकात त कापूस हाय!"

खरंच होतं. इतकी वर्षं जिनिंगच्या ऑफिसात काढलेला तो कॉम्प्युटर, हवेत उडणारी रुई त्याच्या खाचाखाचांत जाऊन बसली होती. अनुपमाने आधी बटण बंद करून वायर काढली. मग रुक्मिणीबाईंनी सुईने हलक्या हाताने रुई ओढून काढली, चिमटीत धरून बघितली आणि म्हणाल्या, "एवढ्यात एक वात होते." आणि त्यांनी खरोखर वात वळली व देवापुढे लावली.

अनुपमाने मला परत लावलं. या वेळी मी घट्ट बसलो. ओळी धावल्या, थांबल्या नाहीत, आणि पडद्यावर निळंशार आभाळ उघडावं तसं लिनक्स उभं राहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही इतका आनंद वरातीत कधी झाला नव्हता.

मग पडद्यावर प्रश्न आला. रंगराव पुढे सरकले. "काय म्हनते ते?"

"या कॉम्प्युटरातलं जुनं सगळं पुसू काय म्हनते, मामाजी."

"नीट वाचलं ना? कामाचं काई नाई त्याच्यात?"

"हाव, वाचलं. काई नाई."

"मंग म्हन हो."

तिने 'हो' दाबलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरू लागली. ती भरत असतानाच दारात हातगाडी वाजली. कडूबा आला होता.

"काका, उचलू काय?"

मला कुणी उपटू नये म्हणून अनुपमाने माझ्यावर हात धरला. रंगरावांनी कडूबाकडे पाहिलं, पडद्यावरच्या पट्टीकडे पाहिलं, मग त्या पाटाकडे पाहिलं. दारात उभ्या माणसाला जे त्यांनी जन्मात म्हटलं नव्हतं, ते त्यांना जड जात होतं.

"नाई," ते म्हणाले. "नाई बावा कडूबा. चालू झाला तो. तू च्या घेऊन जा."

"आज सूर्य कोनीकडून निघाला म्हनावं!" रुक्मिणीबाई आतून म्हणाल्या आणि त्यांनी चहा टाकला.

आता रोज दुपारी ओसरीत टकटक चालू असते. रंगराव बाजेवर बसून भजन सांगतात आणि अनुपमा ते टाइप करते. ते मुद्दाम भराभर सांगतात. ती मागे राहिली की हसतात, आणि हल्ली ती फारशी मागे राहत नाही. परीक्षा जवळ आली आहे. ती पास होईल असं मला वाटतं, आणि माझा अंदाज सहसा चुकत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्याकडून काम घेणार असाल तर एवढं ऐका. मला पुसण्याआधी आतलं दुसरीकडे ठेवून घ्या. काम चालू असताना मला उपटू नका. मी चाललो नाही तर लगेच खराब म्हणू नका. माझ्यात काय घातलं आणि मला कुठे बसवलं तेही एकदा पाहा. आणि कुणी काही विचारलं, तर हो म्हणण्याआधी प्रश्न शेवटपर्यंत वाचा. एका भल्या माणसाच्या 'हो'पायी मी कोरा झालो होतो, म्हणून सांगतो.

मी आता दिव्याच्या देवळीशेजारच्या खिळ्याला टांगलेला असतो. माझ्यावरून गोकुळच्या दुकानातला एक पडीक कॉम्प्युटर सुरू झाला, आणि पुढच्या आठवड्यात मी निशिगंधाच्या शाळेत चाललो आहे. परवा शेजारचे शंकरराव आले होते. त्यांच्या पोराचं लग्न आहे. "रंगराव, वरातीले तुमचा पेनड्राइव्ह द्या. त्यात गाने भरून घेतो," ते म्हणाले.

रंगरावांनी माझ्याकडे पाहिलं. "वरातीले मी सोता येतो, गाने मोबाइलातून लावू," ते म्हणाले. "त्याले नाई देत. त्याले काम हाय."